उंबराजवळचा तंबू

माझ्या भावाला आईची साठी जंगलात करायची होती. एजवेअरमधल्या त्याच्या मित्रांनी आपापल्या आयांच्या साठ्या हॉल घेऊन, केक कापून, डीजे लावून केल्या होत्या, आणि त्याला त्या सगळ्यांच्या वरताण काहीतरी हवं होतं. म्हणून त्याने केनियातल्या एका नदीकाठच्या सफारी कॅम्पचं चकचकीत ब्रोशर पोस्टाने लेस्टरला आमच्याकडे पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "आई, तू फक्त रूम चूज कर. बाकी सगळं मी बघतो." तेव्हा वडील जाऊन दोन हिवाळे झाले होते आणि घरात आई आणि मी अशा दोघीच होतो. मी एका शाळेत गणित शिकवायचे. लग्न केलं नव्हतं, त्याबद्दल लोकांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

आईने ब्रोशर जेवणाच्या टेबलावर उघडलं, चार पानं उलटली आणि थांबली. फोटोत नदी डावीकडे वळत होती आणि वळणाच्या पलीकडे एक लोखंडी पूल दिसत होता. तो पूल माझ्या वडिलांनी बांधलेला. म्हणजे बांधला इंग्रज साहेबाने, वडील त्यावर ओव्हरसियर होते, पण आमच्या घरात तो वडिलांनीच बांधला होता. त्या कामावर असताना, माझ्या जन्माआधी, आईचं पहिलं मूल तिथे तापाने गेलं. आठ महिन्यांचा मुलगा. आपल्यात एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. वडील आणि त्यांचे एक सहकारी त्याला उचलून घेऊन गेले आणि नदीच्या वळणावर एका मोठ्या झाडाखाली पुरून आले. आई गेली नाही. बायका जात नाहीत.

हे मला आणि भावाला माहीत होतं, पण किती माहीत होतं? त्याचा फोटो नव्हता, तिथी पाळायची नव्हती, श्राद्ध नव्हतं. एवढ्या लहानाचं काहीच करत नाहीत. नाव ठेवलं होतं, ते घरात कुणी घेत नसे. जागेवर दगडसुद्धा ठेवला नव्हता. खूण काय ती त्या झाडाची. तो आपल्याकडचा उंबर नव्हे, त्याच्या जातीतलं तिकडचं कुठलंतरी झाड. पण फळं खोडालाच लगडायची म्हणून वडील त्याला उंबर म्हणत, आणि उंबराखाली म्हणजे दत्ताच्या पायाशी, अशी त्यांनी आईची समजूत घातली होती. क्वार्टरच्या पडवीतून तिला त्याचा शेंडा तेवढा दिसायचा. पुढे वडिलांची नैरोबीला बदली झाली आणि तोही दिसेनासा झाला.

ब्रोशरवर बोट ठेवून आई मला म्हणाली, "मला एक रात्र इथे झोपायचंय. त्याच्याजवळ. कुठला तंबू घ्यायचा ते आपण शोधून काढू." इतकं सरळ. जन्मभर ज्याबद्दल ती बोलली नव्हती ते तिने भाजी काय करायची हे सांगावं तसं सांगितलं. मी हो म्हटलं.

राहायच्या जागा तीन प्रकारच्या होत्या. टेकडीवर दगडी कॉटेजेस, त्यात पंखा, गरम पाणी आणि आतच संडास. नदीच्या अगदी काठाला ओळीने तंबू, पुढे छोटासा ओटा. आणि एका झाडावर मचाण, ते नवविवाहितांसाठी. भावाने अर्थात कॉटेजेस मनात धरल्या होत्या. माझी भावजय इथेच जन्मलेली, प्रेमळ, पण गवत दिसलं की तिला त्यात साप दिसायचा. ती फोनवर येऊन म्हणाली, "आई, टेन्ट नको ना प्लीज. मुलं नाइटला टॉयलेटला गेले तर? लायन असतो ना तिकडे." आई म्हणाली, "तुम्ही वर राहा. मी खाली राहते." त्यावर भावाने फोन घेतला आणि साठ वर्षांच्या बाईला नदीकाठी एकटी कोण ठेवेल असं तो विचारू लागला, तेव्हा मी रिसिव्हर ओढून घेतला आणि त्याला खरं कारण सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, इट्स अ हॉलिडे. मुलांना काय सांगू मी? आपण तुमच्या काकाच्या ग्रेव्हवर कॅम्पिंग करतोय? आणि एग्झॅक्ट जागा कुणाला माहितीये? बाबांना होती. बाबा गेले." मी त्याला बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि फोन आपटला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं होतं. जागा खरंच वडिलांनाच माहीत होती. आईकडे होती ती वडिलांनी वेळोवेळी आणून दिलेली खबर.

नैरोबीला असताना वडील अधूनमधून त्या बाजूच्या इन्स्पेक्शनला जात. परत आले की आई त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि पहिली पोळी वाढून विचारायची, "उंबर कसा आहे?" ते म्हणायचे, "छान आहे. यंदा फळं फार लागलीत," किंवा "एक फांदी वाळलीय, बाकी हिरवागार." मग ती दुसरी पोळी आणायला उठायची. त्या मुलाबद्दल त्यांच्यात एवढंच बोलणं. लहानपणी मला वाटायचं की ते झाड आमच्या मालकीचं आहे आणि कधीतरी त्याची फळं घरी येतील. इथे आल्यावर ओव्हरसियर साहेब होजिअरीच्या फॅक्टरीत मोजे मोजायला लागले, तिथे उंबराची खबर कुठून मिळणार? तरी कधी हवा फारच काळवंडलेली असली की आई विचारायची, "असेल का हो तो?" आणि वडील भात कालवत म्हणायचे, "असणार की. दोन-दोनशे वर्षं जगतात ती झाडं."

शनिवारी आम्ही बेलग्रेव्ह रोडवर ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. साडीचं दुकान आणि मिठाईचं दुकान यांच्यामध्ये चिणलेलं ऑफिस. एजंट तिथल्या सगळ्या भारतीयांबरोबर कंपालाहून हाकलला गेलेला गुजराती, सदा हसतमुख. आई नैरोबीत शिकलेल्या गुजरातीत त्याच्याशी बोलू लागली. वळणापासून पहिला तंबू किती लांब आहे, पूल डाव्या हाताला दिसतो की उजव्या, कुठल्या तंबूच्या मागे सूर्य मावळतो. त्याला वाटलं, म्हातारीला पाणघोडे बघायचेत. "मासी, हिप्पो कुठूनही दिसतात," तो म्हणाला. "तुम्ही लोडच घेऊ नका."

"मला हिप्पो नकोत," आई म्हणाली. "वळणावर एक मोठं झाड आहे. त्याच्या सगळ्यांत जवळचा तंबू हवा." आणि मग का हवा तेही तिने त्याला सांगितलं, सरळ, एका परक्या माणसाला. तोपर्यंत पेन नाचवत बसलेला तो माणूस एकदम नीट बसला. त्याने आमच्यासाठी चहा सांगितला. त्याचा साडू नैरोबीत होता आणि त्या बाजूच्या कॅम्पांना किराणा पुरवायचा. कॅम्पच्या मालकाशी त्याचं रोजचं बोलणं. पुढच्या शनिवारपर्यंत सगळं विचारून ठेवतो, असं एजंट म्हणाला आणि आईच्या पाया पडला.

तो आठवडा आई आनंदात होती. खरंच होती. स्वयंपाक करताना गुणगुणायची. तंबूत जमीन लाकडी असते का मातीची, हे तिने मला दोनदा विचारलं. लाकडी असते असं ब्रोशरमध्ये होतं. ती म्हणाली, "फळी उचलता येत असेल की. नाहीतर मी ओट्याखाली उतरून मातीत अंथरूण घालेन. तू वर खाटेवर झोप." सिंह येतील, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "येऊ देत. ते लेकरू तिथे इतकी वर्षं एकटं झोपलंय." मला तिची भीती वाटली आणि तिच्याबरोबर मातीत झोपायचं मी मनात पक्कंही करून टाकलं.

दुसऱ्या शनिवारी एजंट आम्हाला बघून हसला नाही. त्याने खुर्च्या दिल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "मासी, मालकाशी बोलणं झालं. वळणावर झाड नाही."

"तोडलं?" आईने विचारलं.

"नाही. त्याने जागा घेतली तेव्हाही नव्हतं. तिथले लोक सांगतात, केनियाच्या आझादीच्या आधी मोठा पूर आला होता. त्यात वळणाचा सगळा काठच तुटला. झाड, जमीन, सगळं वाहून गेलं. आता नदीच तिथून वाहते. पुलाच्या एका अंगाचा भरावही त्याच पुरात गेला होता, तो पीडब्ल्यूडीने पुन्हा घातला." आणि मग खाली बघत तो म्हणाला, "पोले, मासी." दुसऱ्याच्या दुःखाला तिकडे सगळे हाच शब्द वापरतात.

मला तो पूर आठवत होता. मी पाच-सहा वर्षांची असेन. वडील त्या भरावाच्या कामावर महिनाभर तिथेच होते आणि परत आले ते दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आईने ताट ठेवलं आणि विचारलं. वडील म्हणाले होते, "पाणी बुंध्यापर्यंत चढलं होतं. पण मुळं घट्ट आहेत त्याची. काही झालं नाही." त्यानंतर आम्ही आणखी सहा-सात वर्षं त्या देशात होतो. फळं लागत होती, फांदी वाळत होती. देश सोडायच्या आधी ते मुद्दाम एकटेच जाऊन आले आणि झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवून आलो, असं त्यांनी सांगितलं.

"तो भराव यांनी घातला," आई एजंटला म्हणाली. "माझ्या मिस्टरांनी." एजंटने मान हलवली. त्याला त्यात अभिमान ऐकू आला असावा. मी आईकडे बघू शकले नाही.

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, तंबू ठेवायचा का? आईने ब्रोशर आपल्याकडे ओढलं आणि टेकडीवरच्या कॉटेजेसचं पान काढलं. "ही. पंख्याची." तो म्हणाला, "हिच्यात रिव्हर व्ह्यूवाली पण आहे, मासी." आई म्हणाली, "मागच्या बाजूची द्या. नदी दिसायला नको." त्याने तसं लिहून घेतलं.

ऑगस्टमध्ये आम्ही गेलो. मुलांना हत्ती दिसले, भावजयीला साप दिसला नाही, आणि आई कॉटेजच्या मागच्या पायरीवर टेकडीकडे तोंड करून बसून राहिली. पण त्या सगळ्या प्रवासापेक्षा माझ्या मनात रुतून बसली आहे ती त्या शनिवारची दुपार.

घरी आल्यावर तिने कोटही न काढता भावाला फोन लावला. "कॉटेज ठरवली रे. मुलांना बरं पडेल." पलीकडून त्याचा खूश आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला, "सी? मी ताईला तेच सांगत होतो." आईने त्याला काही सांगितलं नाही. फोन ठेवून ती टेबलाशी येऊन बसली.

मी चहा ठेवला आणि जे कुणीही म्हणेल तेच म्हटलं. बाबांनी तुझ्यासाठीच केलं, तुला सहन झालं नसतं, त्यांनाही किती जड गेलं असेल.

"मला कळतं ते," ती म्हणाली. "तू मला नको समजावूस." कप तिने पुढे सरकवला, प्यायली नाही. "तू तिथेच बसलेली असायचीस ना जेवायला? बघितलंयस तू. मी विचारायचे तेव्हा एकदा तरी त्यांचा हात थांबला का गं? घास तोंडात घालायचे आणि सांगायचे, फळं लागलीत. पूर आला त्या वर्षी सांगितलं असतं, तर दोघं मिळून रडलो असतो. आज मी एकटी रडतेय. आणि इतका राग आलाय मला त्यांचा, पण भांडू कुणाशी? माणूसच नाही समोर."