हाकेला ओ देणारा वेंडल

वेंडल क्रॅबट्रीइतका वाईट बेसबॉल खेळणारा आमच्या ड्रायफोर्कच्या मैदानावर दुसरा झाला नाही, आणि त्याच्याइतका लाडकाही झाला नाही. तीन उन्हाळे तो आमच्या संघात होता. बरोबरची पोरं वरच्या संघात गेली, एकदोघं तर टीव्हीवर दिसली. वेंडल आपला इथेच, उजव्या कुंपणापाशी, गुडघाभर गवतात उभा.

पण हाक मारा, ओ देणारच! आमची बाकं त्याच कुंपणाला लागून. तिथल्या प्रत्येकाचं नाव त्याला पाठ, कुत्र्यांचीसुद्धा. माझी हिल्डा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली तेव्हा तो मैदानातून ओरडायचा, "ऑर्व्हिलआजोबा, आजी आज किती पावलं चालल्या?" मी बोटं दाखवायचो. चेंडू हवेत असला तरी तो बोटं मोजून घ्यायचा.

तो राहायचा ओपल रीसच्या माडीवर. आमच्याकडे खेळाडूंना पगार तो केवढा, म्हणून गावातली माणसंच त्यांना घरात ठेवून घेतात. ओपल विधवा, जिभेची तिखट, पण बीटचं लोणचं असं घालायची की बरणी फस्त व्हावी. एकदा ऐन सामन्यात तिने बाकावरून विचारलं, "वेंडल, लोणचं संपलं का रे?" वेंडल वळला आणि त्याने हाताने दाखवलं, अर्धी बरणी. तेवढ्यात चेंडू त्याच्या पाठीमागे धपकन पडला. दोन धावा गेल्या. सामना गेला.

"तुला चेंडू पकडायला ठेवलंय का लोणचं मोजायला?" आमचा मॅनेजर पेटला.

"साहेब, त्यांनी हाक मारली," वेंडल म्हणाला. बाकांवर आम्ही हसून हसून लोळलो.

मी त्याला एकदा विचारलं, की बाबा, हा नाद कसला तुला? मका सोलत आम्ही ओपलच्या पायरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "आजोबा, आम्ही अकरा भावंडं. आईला हाक मारायची झाली की आधी चार नावं चुकायची, मग माझं यायचं. इथं चारशे माणसं पहिल्याच फटक्यात माझं नाव घेतात. चेंडू काय, पडतो आणि उचलता येतो."

हे बोलणं मॅनेजरच्या कानावर गेलं असावं. जूनमध्ये त्याने वेंडलला कोलमाउंटच्या संघाला देऊन टाकलं. कोलमाउंट म्हणजे आमचं सात जन्माचं वैरी गाव. पंधरा दिवसांनी तोच संघ आमच्याकडे खेळायला आला.

आता आमच्या मैदानाची एक रीत आहे. पाहुण्या संघातला एक फलंदाज आधीच नाव घेऊन जाहीर करायचा. त्याने तीन चेंडू हुकवले आणि तो बाद झाला, की तेवढ्या डावापुरती बियर अर्ध्या किमतीत. त्या दिवशी भोंग्यावरून नाव आलं, "आजचा बियरचा फलंदाज, आपला वेंडल क्रॅबट्री!" अख्खं मैदान उठून नाचलं. वेंडलने टोपी काढून चारही बाजूंना हलवली. त्याला वाटलं, माया आहे. होतीच की. पण ऊन असं होतं, की बाकांच्या फळ्यांना हात लावला तर चटका बसे.

सामन्याआधी तो कुंपणापाशी येऊन सगळ्यांना भेटून गेला होता. कुणापासून काही लपवायची त्याला सवय नव्हती. म्हणाला, "आजोबा, आमच्या मॅनेजरने सांगितलंय, आज एक तरी फटका बसला पाहिजे. नाहीतर परतीच्या बसमध्ये बसू नकोस म्हणाला."

"अरे, मग बसव की," मी म्हणालो.

"बसवतो. तुम्ही सगळे आहात ना," तो म्हणाला.

म्हणजे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. चार यत्ता एकाच खोलीत एकाच बाईंपाशी शिकलो मी, पण एवढं कळत होतं.

मी त्या दिवशी मुद्दाम पुढच्या रांगेत बसलो, फलंदाजापासून दहा-बारा पावलांवर. पहिल्यांदा गोलंदाजाने चार चेंडू वाकडे टाकले, म्हणून त्याला फटका न मारताच फुकट चाल मिळाली. दुसऱ्यांदा तो झेल देऊन बाद झाला. दोन्ही वेळा लोक हळहळले, घसा कोरडाच राहिला म्हणून. आठव्या डावात तो तिसऱ्यांदा आला. त्याची शेवटची खेप. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. फळ्यांवर चारशे जोडी पाय दणाणायला लागले.

मग गोलंदाजाने हात मागे नेला आणि सगळं गाव चिडीचूप झालं. त्या शांततेत मी ओरडलो, "वेंडल! ओपल पडली रे!"

त्याने मान वळवली. मला ठाऊकच होतं, वळवणार. चेंडू त्याच्या छातीपुढून निघून गेला. तिसरा.

काय गलका उठला म्हणून सांगू! लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. वेंडलचं तिकडे लक्षच नव्हतं. तो टाचा उंचावून बाकांवर ओपलला शोधत होता. मग ती त्याला दिसली. बियरच्या खिडकीशी, रांगेत सगळ्यांच्या पुढे, हातात पेला धरून. चांगली ठणठणीत.

त्यांचा मॅनेजर त्याला काय बोलला ते पाच रांगांपर्यंत ऐकू आलं. सामना संपला, त्यांची बस गेली, आणि वेंडलची पिशवी गवतावर राहिली. मी रिकामा पेला घेऊन कुंपणापाशी गेलो, हाक मारली.

"ओ, आजोबा!" म्हणून तो आला. सवयच ती.

"सही कर रे यावर."

त्याने पेल्यावर झोकात सही केली. पेन परत दिलं आणि म्हणाला, "ओपलबाई बऱ्या आहेत, हे बरं झालं."

ओपलने माडी नव्या खेळाडूला दिली होती. त्यामुळे वेंडल त्याच संध्याकाळी दक्षिणेच्या गाडीत बसला. तो पेला माझ्याकडे आहे, मी त्यात दाढीचा ब्रश ठेवतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगतो, आणि हसला नाही असा माणूस अजून भेटलेला नाही.

चार वर्षांनी हिल्डाच्या बहिणीकडे निघालो होतो. वाटेत टायर बसलं. रस्त्यालगत एक टायरचं दुकान होतं, आत पाठमोरा वेंडल नट आवळत होता. मानेवरून ओळखला मी. मला केवढा आनंद झाला! हाक मारली, "वेंडल!" मग जरा मोठ्याने, "वेंडल, अरे मी ऑर्व्हिल!" मग अगदी मैदानावर मारायचो तशी, पोटातून.

त्याचा पाना फिरतच राहिला.

गल्ल्यावरचा मालक आमच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "तीन हुकले, म्हातारबा. बाद!"

मीही हसलो. टायर दुसऱ्या कुणीतरी बदललं.