चंद्रहासकाकांचा अवधूत

उमेळ्याच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी प्रवचन करणारे चंद्रहासकाका म्हणजे निवृत्त मास्तर. आवाज खणखणीत आणि हट्ट त्याहून मोठा. यंदा दत्तजयंतीला त्यांनी विषय घेतला ‘अवधूत’. झालं, आठवडाभर घरात तेच. भाजी निवडता निवडता यमुनाबाईंना ऐकावं लागे, “अवधूत म्हणजे ज्यानं सगळं झटकून टाकलं तो. घर नाही, दार नाही, मान नाही, अपमान नाही. भटकतोय आपला मजेत.”

“छान आहे,” यमुनाबाई म्हणाल्या. “मग मी सुझानकडे करंज्यांना जाऊ?”

काकांचं तोंड उतरलं. काही वर्षांपूर्वी सुझानच्या नवऱ्यानं, शेजारच्या आग्नेलनं, विहिरीत पाला पडतो म्हणून काकांच्या उंबराच्या फांद्या उतरवल्या होत्या, त्याही न विचारता. उंबर म्हणजे साक्षात दत्ताचं झाड, मग काय विचारता! काकांनी बोलणं टाकलं आणि बायकोलाही त्या घरची पायरी बंद केली. त्याआधी दिवाळीच्या करंज्या यमुनाबाईंच्या ओट्यावर आणि नाताळच्या सुझानच्या, असा दोघींचा रिवाज होता. बाईंना दुसरी मैत्रीण नव्हती. त्यांनी नवऱ्याचा शब्द पाळला, पण घरात कामापुरतंच बोलू लागल्या. काकांना वाटलं, वय झालं, दुसरं काय.

“त्याचा इथं काय संबंध?” म्हणत काका सदरा चढवून देवळात गेले.

‘झटकून टाकलं’पर्यंत गाडी झकास आली. समोरच यमुनाबाई बसल्या होत्या, त्यांच्याकडे टक लावून. काका अडखळले. पुढचं सगळं पाठ होतं, पण त्यांनी ते सोडून दिलं.

“शब्दाचा अर्थ मला येतो,” ते शेवटी म्हणाले, “पण मला साधा एक राग झटकता आलेला नाही. तेव्हा आज एवढंच.”

प्रसाद वाटून होतोय तर यमुनाबाई गायब. घरीही नाहीत. आग्नेलच्या अंगणातून मात्र खो खो हसणं ऐकू येत होतं. फाटकाशी आल्यावर काकांना कळलं, हे आपल्या बायकोचं हसणं आणि आपण ते विसरूनच गेलो होतो. त्यांना स्वतःची भारी लाज वाटली.

आग्नेलनं खुर्ची सरकवली. “बस. विचारायला हवं होतं मी तेव्हा.”

काका बसले. यमुनाबाईंनी मान वर केली नाही. करंजीला मुरड घालत त्या सुझानला म्हणाल्या, “ह्यांना इथंच वाढ गं. मी आज काही लवकर उठत नाही.”