युद्धपटाच्या मध्यंतरात

ठाण्यात युद्धाचा सिनेमा पाहायला गेले होते. मध्यंतरात बायकांच्या टॉयलेटबाहेर रांग लागली. माझ्या पुढची बाई पर्सची चेन सारखी उघडत-मिटत होती आणि प्रत्येकीला विचारत होती, "तुम्हाला भीती वाटली?"

"नुसतं रक्त! डोकं दुखलं," एक म्हणाली.

"अगं, खरं युद्ध असंच असतं. मला तर आवडला," तिची मैत्रीण म्हणाली.

बाई माझ्याकडे वळली. "मुलीने सैन्यभरतीचा फॉर्म भरलाय. बघून घाबरेल म्हणून डोंबिवलीहून मुद्दाम घेऊन आले. ती आत मजेत पॉपकॉर्न खातेय." चेन पुन्हा उघडली. "पुढे अजून भयंकर आहे ना हो?"

सिनेमा मीही पहिल्यांदाच पाहत होते, आणि कुणाला उगाच धीर देणं मला जमत नाही. तरी म्हटलं, "खूपच भयंकर आहे."