एकही गाव नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, मित्रांना नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा फार दिवस गप्प राहिलं की माणूस स्वतःकडेही संशयाने बघायला लागतो, म्हणून. संशय घेणं मला चांगलं जमतं. ते पुढे येईलच.

माझी बायको मेधा मागच्या वर्षी गेली. आम्ही नेदरलँड्समध्ये, फोरबर्गला राहायचो — आता मी एकटा राहतो. मी नायमेखनला इतिहास शिकलो. माझा विषय मध्ययुगातल्या साथी. पुढे एका अभिलेखागारात नोकरी धरली. मेधा रॉटरडॅमला शिपिंगच्या ऑफिसात होती. दिवसभर कंटेनरांची कागदपत्रं, आणि घरी आली की कादंबरी. मराठीत.

कादंबरी अशी — रॉटरडॅममधली एक मराठी बाई इंग्लंडला जाणारी बोट पकडते. समुद्रात धुकं लागतं आणि ती उतरते ती थेट चौदाव्या शतकात. पूर्व किनाऱ्यावरच्या एका खेड्यात तिला चर्चचं छप्पर बांधणारा सुतार भेटतो. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मीही ओळखलं आणि हसलो होतो.

"हस तू," मेधा म्हणाली. "पण तेव्हा बटाटे होते का, तेवढं सांग."

बटाटे नव्हते, टोमॅटो नव्हता, मिरची तर नव्हतीच. हे माझं काम. ती लिहायची, मी तपासायचो. नायिकेच्या पर्समध्ये गोड्या मसाल्याची पुडी निघते आणि सुतार ती औषध समजून गुडघ्याला चोळतो — त्या प्रसंगाला मात्र मी काही हरकत घेतली नव्हती. रविवारी ती नवं प्रकरण वाचून रेकॉर्ड करायची आणि इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकायची. लगेच उत्तरं.

"मेधा, या सुताराचा पत्ता दे बाई!"

"नवरा शेजारीच बसलाय गं माझा."

"मग त्यालाही ऐकव. एखादं कपाट तरी जोडून देईल."

मी हसायचो. खरंच हसायचो, सुरुवातीला.

पण सुतार वाढत गेला. त्याच्या डाव्या भुवईत एक जुनी खाच आली. बोलण्याआधी लाकडावरून अंगठा फिरवायची सवय आली. आणि तो ऐकायचा — ती बाई बोलत असली की हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायचा. हा माणूस आला कुठून? माझ्यावरून तर नव्हता. मी जेवतानाही वाचतो.

बुधवारी मेधा लायब्ररीत डच बोलायच्या गटाला जायची. तिथे स्वयंसेवक असतात, नव्या लोकांशी गप्पा मारतात. तिच्या वाट्याला हेंक आला होता. वयस्क, पत्नी वारलेली. निवृत्त सुतार. हे सगळं तिनेच मला सांगितलं, पोळी लाटता लाटता. "किती उपयोग होतो रे मला त्याचा!" लपवायचं असतं तर तिने सांगितलं असतं का? नाही ना? पण मी रात्रंदिवस ते उलटं करून बघत होतो — लपवायचं असेल तर माणूस असंच उघड सांगेल. संशयाचं हे असं असतं. निर्दोष असल्याचा पुरावासुद्धा त्याला पुरावाच वाटतो.

एका बुधवारी मी तिथे गेलो. कपाटांच्या आड पुस्तक उघडून उभा राहिलो — मी, या वयात. हेंक कागदावर लाकडाचा सांधा काढून दाखवत होता. चष्म्याच्या जाड फ्रेममुळे भुवई नीट दिसेना. मेधा मोडक्या डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि दोघं हसले. बस, एवढंच. आजूबाजूला आणखी माणसं बसलेली, कॉफीचे कप, कुणाची तरी छत्री. ती माझ्यासमोर तशी हसत नव्हती. की हसण्यासारखं मीच काही बोललो नव्हतो, किती वर्षांत?

घरी आल्यावर विचारायला हवं होतं. मी विचारलं ते असं — "आज काय शिकलीस?"

"लाकडाचा सांधा."

"अस्सं."

मग शेवटचं प्रकरण आलं. गावावर प्लेगची साथ येऊ घातली आहे. नायिकेने परतीची बोट सोडायची, त्याच्याजवळ राहायचं — असं मेधाच्या मनात होतं. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"सुधीर, साथ सगळीकडेच गेली का रे? एखादं गाव सुटलं असेल ना?"

सुटली होती काही गावं. हाच तर माझा विषय. साथ शेजारच्या गावात थैमान घालते आणि मधलं एखादं गाव जवळपास तसंच राहतं — हे मला मेधापेक्षाच नव्हे, इथल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"त्या किनाऱ्यावर? एकही गाव नाही," मी म्हणालो.

"एकही?"

"एकही नाही. खोटं लिहायचं असेल तर खुशाल लिही."

ती खोटं लिहिणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच ते वाक्य. तिने सुताराला मारलं. छप्पर अर्धं राहिलं, बाई बोटीत बसली. ग्रुपवर गदारोळ झाला — "मारलंस कशाला गं त्याला?" मेधा फोनवर म्हणाली, "माझ्या हातात नव्हतं गं. इतिहासच तसा आहे. सुधीरला विचारा." मी भांडी विसळत होतो. मला ते ऐकू आलं आणि — लिहितोच आता — मला बरं वाटलं.

इथेच थांबता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. मत्सर होता म्हणायचं, संपलं. पण मी जे सांगायला बसलोय ते हे नव्हे.

मेधा आजारी पडली. हॉस्पिटल झालं, मग घरी आणलं, पुढच्या खिडकीपाशी पलंग लावला. हेंक एकदा येऊन गेला, नासपतींची पिशवी घेऊन. मी कॉफी करायला गेलो तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं. ते हवामानाबद्दल बोलत होते. निघताना तो दारात मला म्हणाला, "ती सांगते, तुम्हाला विचारल्याशिवाय ती एक ओळही पुढे जात नाही." मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. यात टोमणा आहे का? भुवईत काही नव्हतं. त्यानेही माझं समाधान झालं नाही.

त्यानंतर एका दुपारी मेधा म्हणाली, "शेवटचं प्रकरण परत करू या का रे? मी सांगते, तू टाइप कर." आवाज बारीक झाला होता, पण त्यात हुरूप होता. कितीतरी दिवसांनी होता. "फक्त एक सांग. खरंच एकही गाव नव्हतं?"

काय अवघड होतं? होती गावं, मी खोटं बोललो — एवढंच. पण मग तिने विचारलं असतं, का? आणि मला हेंकचं नाव घ्यावं लागलं असतं. मी कशाला घाबरलो? ती हसेल म्हणून? की हसणार नाही म्हणून? मला आजही कळत नाही. मला आजही हेंकबद्दल काहीच माहीत नाही, आणि लायब्ररीवरून सायकल जाते तेव्हा मी आत बघतोच.

"नव्हतं गं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग राहू दे."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. राहिलेल्या दिवसांत तिला करायला एक काम मिळालं असतं, तिच्या आवडीचं. ते मी काढून घेतलं. लॅपटॉप तिच्या पायाशी उघडाच होता. मी तो बंद करून टेबलावर ठेवला.

ग्रुपमधल्या बायकांनी कादंबरी छापायची ठरवलं. मेधाने आपल्या मैत्रिणीकडे, शुभदाकडे, ऋणनिर्देश आधीच सांगून ठेवला होता. छपाईपूर्वी तो माझ्याकडे तपासायला आला, कारण तपासणारा मीच. शेवटची ओळ अशी होती — "इतिहासाचे सर्व तपशील सुधीरने तपासले आहेत, तरीही काही चूक राहिली असेल तर ती माझी आहे."

मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि छापायला हरकत नाही म्हणून कळवलं.