तीन भिंतींचं माहेर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बघू! मध्येच कुणी हसलं की मी अडखळतो. आणि ही फजिती अशी आहे की सांगताना माझाच कान धरावासा वाटतो मला.

तुम्हाला ठाऊक आहेच, तीस वर्षं मी जमिनीच्या मोजणी खात्यात काढली. पोलादपूर तालुक्यात असा बांध नसेल, ज्याच्यावर उभं राहून मी शिव्या खाल्ल्या नाहीत. निवृत्त झालो आणि महाडच्या घरी बसलो. मुलानं हौसेनं बॅटरीवर चालणारी आगगाडी आणून दिली, वीतभर इंजिन आणि तीन डबे. मी परसात जास्वंदीपासून अळूच्या वाफ्यापर्यंत रूळ टाकले, स्टेशन बांधलं आणि त्याच्यावर पाटी लावली, 'पोलादपूर'. खऱ्या पोलादपूरला रेल्वे नाही. आमच्या परसात आहे!

आता स्टेशन म्हटलं की शेजारी एखादं घर हवं. म्हटलं, हिच्या, म्हणजे आमच्या सुमनच्या, माहेरचंच करू. मागे त्यांची कौलं बदलताना घेतलेली मापं वहीत होती. एका फुटाला अर्धा इंच धरून नकाशा काढला, प्लायवूडच्या तीन भिंती कापल्या, चिकटवल्या, पुठ्ठ्याचा गोठा, न्हाणी लावली, कौलंसुद्धा चढवली. आणि मागच्या भिंतीपाशी अडलो. तिची मापंच घेतली नव्हती! मग पाऊस आला, मग गुडघा दुखायला लागला, मग... अहो, आम्हा सरकारी माणसांना काम लांबवायला कारणं शोधावी लागतात का? चार वर्षं ते घर खोक्यात आणि खोकं पलंगाखाली.

यंदा दिवाळीची झाडलोट करताना हिनं ते बाहेर ओढलं.

"हे पुरं करताय, की बंबात घालू?"

"करतो गं."

"माझ्या माहेराला तीनच भिंती! मागून सगळं उघडं. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? गाडीत एक प्रवासी नाही!"

"ते मला सांगू नका. भिंत घाला."

झालं! रविवारी सकाळी पिशवीत खोकं, टेप आणि वही टाकून मी निघालो. सासुरवाडी पोलादपूर तालुक्यातच, उमरठच्या बाजूची एक वाडी. तिथं हिचा थोरला भाऊ दादा आणि धाकटा बाळा, दोघांची बायकापोरं धरून अजून एकाच चुलीवर जेवतात. हिला कुणी माहेराबद्दल विचारलं की आधी ती त्या चुलीचं सांगते, मग बाकीचं. ही काही आली नाही, तिच्या चकल्या व्हायच्या होत्या.

पोचलो तर भाऊ दोघेही भातकापणीला गेलेले. घरात फक्त थोरल्या वहिनी.

"एकटंच आलाव भावोजी? ताई नाय?"

"नाही, जरा काम होतं."

आता इथं खरं सांगून टाकायचं की नाही? पण बासष्ट वर्षांच्या जावयानं सासुरवाडीत कोणत्या तोंडानं सांगावं, की मी खेळण्यातल्या गाडीसाठी तुमचं घर मोजायला आलोय? खोकं ओटीवर ठेवलं, टेप काढली आणि गुपचूप मागच्या दारी गेलो. इथंच माती खाल्ली.

टेप लावतोय, वहीत आकडे लिहितोय, एवढ्यात कुंपणावरून शेजारच्या धोंडूनं मुंडी वर काढली.

"सायेब, मोजणी काय?"

"हो, जरा मागची बाजू घेतोय."

पाच मिनिटांत धोंडूच्या घरून चहा! मागोमाग बिस्किटं! चहा पिता पिता बघतो तर धोंडू आपला लाकडांचा ढीग कुंपणापासून हातभर मागे सरकवतोय. मला वाटलं, किती टापटिपीचा माणूस!

अर्ध्या तासात दोघे भाऊ शेतातून धावत आले, हातात कोयते तसेच. मला भरून आलं हो. म्हटलं, जावयासाठी कापणी टाकून आले! दादानं मला हळूच गोठ्यामागे नेलं.

"भावोजी, खरा सांगा. बाळान अर्ज केलान काय?"

"कसला अर्ज? नाही बुवा."

हात धुवायला विहिरीवर गेलो, तर तिथं बाळा.

"भावोजी, दादानं बोलावलान ना तुमाला?"

"छे रे! तुझ्या ताईनं पाठवलंय. तिचंच काम आहे, चार वर्षं राहिलंय. आता पुरं करा म्हणून मागे लागलीय."

बाळाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, उन्हात राबून आलाय बिचारा.

दुपारी गावठी कोंबडा! वडे! मी हाणतोय, आणि बाकीच्यांचे वडे ताटात तसेच. वहिनी वाढताना डोळ्यांना पदर लावतात. मला वाटलं, चुलीचा धूर. अहो, किती मूर्ख असावं माणसानं!

हात धुऊन ओटीवर आलो. दोघे भाऊ माझ्यासमोर बसले. धोंडू कुंपण ओलांडून पायरीवर हजर. दादानं घसा साफ केला.

"भावोजी, मागची पडवी सुमनला दिली. बाळा न मी आताच ठरवलाव. लेकीचा हक्क हाय, आमी नाय म्हणनार नाय."

"काय?"

"पन तिनं मोजणी लावायला नको होती. नुसता तोंडानं सांगितला असता तरी दिला असता आमी."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोंबडा तिथल्या तिथे घशाशी आला. तीस वर्षं टेप घेऊन ज्या ज्या अंगणात गेलो, तिथं भावाभावांत फाटलं होतं म्हणूनच गेलो होतो. या लोकांना दुसरं काय वाटणार? हिच्या माहेरची एक चूल मी अर्ध्या दिवसात मोडायला आणली होती! एवढी लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

"अहो, वाटणी नाही, काही नाही!" मी ओरडलोच. "हे बघा, हे!"

खोकं फाडलं आणि घर काढून ओटीवर ठेवलं. आगगाडी, स्टेशन, पाटी, बंब, सगळं एका दमात सांगून टाकलं. दादा घराकडे बघतोय, बाळा दादाकडे बघतोय. वहिनी वाकल्या, निरखून बघितलं आणि म्हणाल्या,

"भावोजी, आमचा गोठा हिकडच्या अंगाला कवा आला?"

"म्हणजे?"

"गोठा डाव्या हाताला हाय. तुमी उजवीकडं लावलाव. न्हाणी पन तिकडं. समदा उलटा हाय ह्यो!"

मी अंगणात उतरलो. घर बघितलं, खोक्यातलं घर बघितलं. पुन्हा घर बघितलं. चार वर्षांपूर्वी प्लायवूडवर ट्रेसिंगचा कागद मी पालथा ठेवला होता! मापं इंचाइंचानं बरोबर, आणि घर डावीचं उजवीकडे!

आधी बाळा फुटला. मग दादा हसायला लागला, तो खांबाला धरूनच. वहिनींच्या डोळ्यांना पुन्हा पदर, पण या वेळी धूर नव्हता. मला इतकं हायसं वाटलं, की मीही हसलो.

एकटा धोंडू हसला नाही. तो पायरीवरून सावकाश उठला.

"सायेब, आमच्या बांधाची मोजणी पन तुमीच केलीत ना?"

आणि गेला तो थेट आपल्या लाकडांकडे! ढीग होता तिथं परत, वर आणखी हातभर पुढे. संध्याकाळी एसटी पकडायला निघालो, तर वाटेवर तिघं जण जुने नकाशे घेऊन उभे. मी शेतातून पळालो.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही चकल्या डब्यात भरत होती. मान वर न करता म्हणाली,

"उलटं आहे ते मला चार वर्षांपूर्वीच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोजणीतले. म्हटलं, खात्याची तशीच पद्धत असेल."

मी चौथी भिंत घातली. तीही उलटी, दुसरा इलाजच नव्हता. आता या परसात, बघा. स्टेशनाशेजारी ते घर, आणि घरासमोर हिनं एक आरसा टेकवून ठेवलाय. पाहुणे विचारतात, हा आरसा कशाला? मी म्हणतो, शोभेला.

ही म्हणते, "यांनी मोजलेलं आहे ना, माझं माहेर आरशातच बघावं लागतं!"