एसीवरची चादर

यागोदाला जगात दोनच गोष्टींची भीती होती: समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार वाहणाऱ्या वाऱ्याची, आणि घरी आलेल्या माणसाला पसारा दिसण्याची. पहिली भीती पोद्गोरित्सा शहरात सगळ्यांनाच असते. त्या वाऱ्याला तिथे प्रोमाया म्हणतात आणि मान आखडली काय, कान ठणकला काय, दोष तिच्याच माथी मारतात. दुसरी मात्र खास यागोदाची. डॉक्टर येणार म्हटलं तर ही बाई रोग्यालासुद्धा झटकून, घडी घालून ठेवील अशी.

रोगी म्हणजे तिचा नवरा रादोये. अॅल्युमिनियमच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. खाटेसमोरच्या भिंतीवरचा जुना एसी त्यानेच बसवलेला आणि त्यानेच इतकी वर्षं जगवलेला. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला डावा हात आणि एकच शब्द, "नको." चहाला नको, सुईला नको, आणि कधी कधी हवं असलं तरी नकोच.

"एसीच्या वाऱ्यानेच घात केला बघ," शेजारच्या मिलेवाने कॉफी पिता पिता निकाल दिला. "मानेवर बसला वारा. माझ्या घरात तर मी ते डबडं येऊच दिलं नाही."

डॉक्टरने उलटंच बजावलं. उन्हाळ्यात खोली गार ठेवा, उकाडा यांना सोसायचा नाही. यागोदाने दोघांचंही ऐकलं. एसी चालू ठेवला आणि त्याच्या तोंडावर जुनी चादर कपड्यांच्या चिमट्यांनी ताणून बसवली. गारवा यावा, पण वारा लागू नये. तिच्या मते तोड अगदी बिनचूक होती.

जुलै उजाडला आणि एसी बिघडला. खोली गार होता होता गरम व्हायची. चादरीखालून पाणी ठिबकायचं. चादर उचलून पाहावं तर आत पांढरा बर्फ. रादोयेने शिकवल्याप्रमाणे तिने जाळ्या धुतल्या, पाण्याची नळी फुंकून साफ केली, एसीच्या बाल्कनीतल्या यंत्रावरची धूळ ब्रशने झाडली. बर्फ पुन्हा धरला. तेव्हा तिने एनेसला फोन केला. तो रादोयेच्या हाताखाली काम शिकलेला.

एनेस येणार म्हणून यागोदाने घर पुसलं, एसी बंद करून बर्फ वितळवला, चादर काढून कपाटात ठेवली आणि मग एसी सुरू केला. कळकट चादर काय पाहुण्याला दाखवायची असते?

एनेसने गॅसचा दाब तपासला. "मावशी, याला काही झालेलं नाही. गार हवा मारतोय की!"

"अरे, बर्फ धरतो! डोळ्यांनी पाहिलाय मी."

"मग तो मला लाजत असेल," एनेस हसला. त्याने घरची द्राक्षाची दारू एका घोटात संपवली आणि गेला.

तो गेला, चादर परत चढली. संध्याकाळपर्यंत बर्फ हजर. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. एनेस आला, घर चकचकीत, एसी ठणठणीत.

त्या दिवसांत रादोये डावा हात उचलून एसीकडे बोट दाखवायचा. घामाने उशी भिजलेली असायची. "नको," तो म्हणायचा. "नको, नको."

"गार लागतंय ना रे तुला? थांब हं, राजा." आणि तिने चादर दुहेरी केली, आणखी चिमटे लावले. तो डोळे मिटून रडायचा. ती गाल पुसायची आणि त्या वाऱ्याला शिव्या घालायची.

मग शहर तापलं. डांबर बुटांना चिकटू लागलं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. एका सकाळी बाल्कनीतलं यंत्र नुसतंच गुरगुरलं आणि गप्प झालं. एनेस शेजारच्याच इमारतीत कामाला आला होता. मिलेवाने खिडकीतून हाक मारली तसा तो धावतच वर आला. यागोदाला आवराआवर करायला वेळच मिळाला नाही.

तो दारातच थबकला. "मावशी, हे काय?"

"वारा लागू नये म्हणून."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. तू यायचास तेव्हा काढून ठेवायचे." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

एनेसने बाहेरचं यंत्र तपासलं आणि हात पुसले. "हवा कोंडली, म्हणून आत बर्फ धरत होता. त्या ताणाने कॉम्प्रेसर गेला. नवीन यायला आठवडा तरी लागेल, सगळं शहर रांगेत आहे." त्याने रादोयेच्या कपाळावर हात ठेवला, लगेच काढला आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं उत्तर आलं. सकाळपासून घरोघरी म्हातारी माणसं कोसळत होती.

यागोदा चादरीकडे पाहत होती. मग तिची नजर रादोयेकडे गेली. बोट अजूनही तिकडेच होतं. त्याला वारा नको नव्हता, चादर नको होती. यंत्रांचा माणूस तो, पहिल्या दिवसापासून सांगत होता आणि ती एसीला आणखीच गुंडाळत बसली होती. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

तिने चिमटे ओरबाडून काढले. एनेस रादोयेला ओल्या फडक्याने पुसू लागला. ती बाल्कनीकडे धावली, दार सताड उघडलं. मग स्वयंपाकघराची खिडकी, मग जिन्याचं दार. जन्मात पहिल्यांदा तिने घर आरपार उघडं टाकलं.

"ये, प्रोमाया," ती पुटपुटली. "ये ना गं बाई, ये."

बाल्कनीच्या दाराचा पातळ पडदा तसाच लोंबत राहिला. रादोयेचा हात हळूहळू खाली आला.