तीन आठवड्यांचा रिपोर्ट

"राजरत्न ज्याच्याकडं बगत न्हाई, त्याच्या रक्तात कायतरी हाय," असे सांगलीतल्या त्या गल्लीत म्हणत. राजरत्न मूळचा रहिमतपूरचा, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारा. एचआयव्हीच्या तपासण्या त्याच्याकडे आल्या आणि लोक त्याची नजर वाचू लागले. मग तो मान खाली घालूनच ये-जा करू लागला. त्याचाही अर्थ निघाला: आता सगळी गल्लीच गेली.

पहिली तपासणी रुग्णालयात होई. तीत दोष दिसला की खात्रीसाठी रक्त पुण्याला जाई. उत्तराला तीन आठवडे लागत. १९९६ साली खात्रीची तपासणीही इथेच आणायचे ठरले. राजरत्नने सहा महिने असे प्रत्येक रक्त इथेही तपासले, पुण्यालाही धाडले. एकाही निकालात फरक पडला नाही, तेव्हा पुण्याला जाणारी बर्फाची पेटी बंद झाली.

त्याच महिन्यात त्याचे घरमालक नानासो यांची गरोदर सून अपेक्षा हिच्या रक्तात पहिल्या तपासणीत दोष दिसला. वॉर्डातली बातमी तिच्याआधी घरी पोचली. तिचे ताट पडवीत गेले. शिराळ्याला माहेरी धाडण्यासाठी पिशवी भरली गेली. नवरा इंद्रजित ट्रक घेऊन हुबळीकडे होता.

खात्रीचा निकाल दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी अपेक्षाच्या हाती दिला. दोष नव्हता.

संध्याकाळी तो कागद घेऊन नानासोंनी राजरत्नला जिन्यात अडवले. वरचा नंबर पाहिला तेव्हा कुठे त्याला कळले की, सकाळी तपासणीच्या ज्या पट्टीवर रोगाची एकही रेघ उमटली नव्हती, ती अपेक्षाची.

"पुण्याला तीन आठवडं लागायचं. तुला एका दिसात कसं कळलं रं?"

"आवं, तीन आठवडं कोण तपासत न्हवतं. रक्त वाटंत आनि रांगंत असायचं."

"आमच्या घरात ऱ्हातोस. आमची अब्रू राखाया खोटं लिवलंस, व्हय?"

"बाटलीवर नंबर असतोय, नाव न्हाई."

"मग परत पुण्याला धाड. तवर ती शिराळ्यात ऱ्हाईल."

खालच्या पायरीवर अपेक्षा पिशवी धरून उभी होती. राजरत्नने कित्येक महिन्यांनी मान वर केली आणि नानासोंच्या डोळ्यांत पाहिले.

"तिचं दोनदा तपासलंय, पिशवी आत न्या. इंद्रजितचं एकदा तरी कुनी बगितलंय का? आला की त्याला पाठवा."